दोन घंट्यांच्या आधी

सॅम्युअल गेल्याचं मला डेपोत कळलं, हजेरी लावताना. माझ्या पिशवीत चार संत्री होती. ड्युटी संपली की त्याच्याकडे जायचं होतं, आदल्या दिवशी मीच "उद्या येतो" म्हणून उठलो होतो... पाच आठवडे झाले त्याला. त्याची मुलगी म्हणते, काका, बाबांवर लिहा. लिहितो, पण थकलोय मी. संत्री तशीच वाळली.

तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. मेहकर-शेगाव गाडीवर अकरा वर्षांची आमची जोडी. जोडी जमली त्याच महिन्यात जानेफळच्या पुढच्या वळणावर एक मोटारसायकलवाला आडवा आला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला ओरखडा नाही. उलट तोच मला शिव्या देऊन गेला. पण तिसऱ्या दिवसापासून सीटवर बसलं की छातीत धडधड व्हायची, तळहात असे घामेजायचे की स्टिअरिंग निसटायचं. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद काढून पाहिला, हृदय चांगलं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि वर, टेन्शन घेऊ नका. जसं काही मी ते बाजारातून आणत होतो. घरी सांगितलं नाही. स्टिअरिंग सुटलं तर पोट कशावर भरायचं, हाच घोर होता.

मग एका सकाळी मेहकरच्या स्टँडवर सॅम्युअलनं दोन घंट्या दिल्या आणि गाडी हललीच नाही. त्यानं पुन्हा दिल्या. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. तो गर्दीतून पुढे आला, माझे हात पाहिले, आणि वळून प्रवाशांना म्हणाला, "हवा भरून राह्यली ब्रेकात, दोन मिनिटं थांबा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून, माझ्यापुरतं बोलला, "बापा, गाडी तुही, माणसं तुही, आमी दोघंबी तुहेच. नेशील तसे जाऊ. आमेन." मागे गेला, दोन घंट्या दिल्या. जानेफळपर्यंत मी दुसऱ्या गिअरवरच होतो, पण गाडी गेली.

तेव्हापासून रोज तेच. अकरा वर्षांत प्रवाशांना आमच्या गाडीची हवा सावकाश भरते एवढंच ठाऊक. एकदा मी चिडून म्हटलं, "काऊन बे, तुह्या देवाले या खटाऱ्याचं काय पडलं?" तो म्हणाला, "त्याले नसंल पडलं. पण मनात ठेवलं का माहेबी हात कापते, म्हणून सांगून टाकतो." मी म्हटलं, "मंग मलेबी ख्रिस्ती करतं काय?" तर म्हणे, "तू पह्यले तंबाखू सोड, मंग पाहू." शेगावला मी महाराजांच्या दर्शनाला पळायचो आणि हा गाडीजवळ बसून माझा डबा राखायचा. मला भीती गेली असं नाही. ती रोज यायची, पण ती सांगायला जागा होती. गोळ्या हळूहळू डॉक्टरांनीच कमी केल्या.

शेवटच्या भेटीत तो आजारानं खाटेवर अगदी एवढासा झाला होता. चर्चचे पाळक येऊन गेले होते, मंडळीतल्या बाया गाणी म्हणून गेल्या होत्या. माझा हात धरून म्हणाला, "भास्कर, भेव लागून राह्यलं. आज तू म्हण."

"मले नाही येत रे."

"अकरा वर्सं ऐकलं ना बे."

त्याची मुलगी दाराशी उभी होती. मला लाज वाटली... खरंच, निव्वळ लाज. एवढी चार वाक्यं तोंडून फुटली नाहीत. "उद्या येतो," म्हणालो. तो "हाव" म्हणाला आणि त्यानं हात सोडला. त्या एका होकारानं मला अजून जेवण गोड लागत नाही.

आता गाडीवर नवी कंडक्टर आहे, चुणचुणीत पोरगी. प्रवासी चढले की लगेच दोन घंट्या. मी गाडी काढत नाही. "काका, काय झालं?" ती मागून विचारते. "हवा भरून राह्यली," मी सांगतो. हवेचा काटा केव्हाच वर आलेला असतो. मी ओठातल्या ओठात म्हणतो, गाडी तुही, माणसं तुही... पुढे अडखळतो, कारण आता मी एकटाच आहे. तरी म्हणतो तसंच, आमी दोघंबी तुहेच. मग गिअर टाकतो.