पासवर्ड साहेबांकडे होता

तुमच्या संस्थेची वेबसाइट बंद पडली, तर ती सुरू करायला कोणाची परवानगी लागते? तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला स्वारगेटजवळची आमच्या कामगार संस्थेची, जुन्या संगणकांनी तापलेली कोंदट कचेरी आठवते. कामावरून काढलेल्या एक सफाई कामगार बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांची तक्रार नोंदवायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती आणि साइट हलेना. आधुनिक झाल्यापासून आम्ही कागद घेतच नव्हतो. सर्व्हर पुण्याजवळच्या मांजरी गावात आणि त्याचा पासवर्ड फक्त तिथल्या साहेबांकडे, म्हणून त्यांना फोन केला. "अहो, रीस्टार्टची विनंती साइटवरूनच करायची असते." "साइटच बंद आहे." "मग सुरू झाली की करा." बाई म्हणाल्या, "ह्यांच्या घराला आग लागली तर बंबालाही अर्जच करतील." पाच वाजले. बाई उठून गेल्या, नोकरी परत मिळायची त्यांची संधीही गेली. माझा राग आजही निवलेला नाही. तुमच्याकडेही पासवर्ड एकाच माणसाकडे असेल, तर आजच जाऊन तो दुसऱ्यालाही द्यायला लावा.