सकाळचा आकडा

बाकावर बसण्याआधी ते उजवा हात वर करत आणि जाहीर करत, "बाहत्तर!" ही त्यांची उपाशीपोटीची साखर. एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या इमारतीचे ते सेक्रेटरी. तुमच्याही सोसायटीत असा एक असेलच. फक्त त्याची शिस्त पार्किंगपाशी थांबते, आमच्या सेक्रेटरींची रक्तापर्यंत गेली होती.

शेजारचे राऊत बिचकत "एकशे तीस" म्हणाले, की हे मान हलवत, "शिस्त नाही, राऊत, शिस्त!"

यांची शिस्त साधी होती. रात्रीचं इन्सुलिन पूर्ण, जेवण नावापुरतं.

मग त्यांना रात्री धडधड ऐकू येऊ लागली. घामाने गादी भिजायची. त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली पाण्याचा पंप. सेक्रेटरीने दोष आणखी कुणाला द्यायचा? सभेत ठराव झाला, रात्री पंप बंद. सकाळी अख्खी इमारत तोंडाला साबण लावून कोरड्या नळासमोर उभी. सेक्रेटरी मात्र संतापलेले, "बंद असूनही वाजतो म्हणजे काय? पंपवाल्याला नोटीस काढा!"

"अहो, पंप पुरे," त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या. "मी तुमच्या छातीला कान लावून ऐकलंय. डॉक्टरांकडे चला."

गाडी माझी, म्हणून मीही गेलो. डॉक्टरांनी दंडावर साखरेचं आणि छातीवर ठोक्यांचं यंत्र चिकटवलं. पुढच्या खेपेला दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवले. झोपेत साखर जिथे कोसळत होती, तिथेच ठोके अडखळत होते.

"एखाद्या रात्री थांबतील," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कळणारही नाही. इन्सुलिन मी कमी करतो, तुम्ही पोटभर जेवा. सकाळी एकशे तीस आली तरी चालेल."

"एकशे तीस?" सेक्रेटरी हादरले. "तो राऊतांचा आकडा आहे!"

काकूंनी नवऱ्याचा दंड धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर सेक्रेटरी बाकावर दिसेनात. काळजी वाटून राऊत आणि मी वर गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, "एकशे पस्तीस. राऊतांना सांगू नका."

राऊत माझ्या मागेच उभे होते.

"आणि रात्रभर घोरत होतात, तेही सांगा की!" काकू आतून म्हणाल्या. "मी जागून ऐकत होते."

त्या चहा घेऊन बाहेर आल्या. जागरणाने डोळे लाल झालेले, आणि चेहरा असा, की जणू रात्रभर घरात सनई वाजत होती.