हिरव्या बांगड्यांचा हात

माझी नात मी पहिल्यांदा पाहिली ती फोनवर, एका बाईच्या हातात. बाई दिसत नव्हती. कोपरापर्यंतचा हात दिसत होता आणि मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. माझी सून बांगड्या घालत नाही. कॉम्प्युटरवर काम करताना वाजतात म्हणते. मग हा हात कुणाचा?

"बाळाला कोणी घेतलंय रे?" मी विचारलं.

"आई, आवाज तुटतोय," मुलगा म्हणाला आणि फोन बंद झाला. माझ्याकडे तर आवाज स्वच्छ येत होता.

मुलगा-सून बंगळुरूला, आम्ही नवराबायको शहापूरजवळच्या गावी. पहिलं बाळंतपण सुनेच्या माहेरी, मुरबाडला व्हायचं ठरलं होतं. ऐनवेळी कळलं, बंगळुरूलाच होणार, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. बरं, मग मी येते म्हटलं, तर "आत्ता नको आई, जागा लहान आहे." बारशाचं विचारलं, तर ते पुढे ढकललेलं. गावातली निम्मी पोरं मी अंगणवाडीत वजनकाट्यावर घातलीत. माझ्याच नातीचं वजन विचारलं की मुलगा म्हणायचा, "चांगलंय." चांगलंय हे काय वजन झालं?

त्या दिवसापासून मी फोन ऐकायची कमी आणि न्याहाळायची जास्त. सून कधी आंघोळीला गेलेली, कधी नुकताच डोळा लागलेला. मागे कुणीतरी बाई गुणगुणत असायची, शब्द कळायचे नाहीत. माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. विहीणबाई तिकडे जाऊन बसल्यात. मला जागा लहान आणि त्यांना मोठी!

खात्री करायला मी विहीणबाईंना फोन लावला. त्या तुटक बोलल्या. "बऱ्या आहोत. तुमी बऱ्या ना?" एवढंच. मागे कोंबडा आरवला. तरी माझा संशय हलला नाही. हल्ली फोनमधून काय वाजवता येत नाही?

"सरळ विचार की त्यांना," आमचे हे म्हणाले.

"सरळ विचारलं तर सरळ सांगतील होय?"

दुसऱ्या दिवशी पिशवीत अळीव आणि गूळ घेतला. मुलीकडे जाणार असाल तर न्या, असं म्हणायला निमित्त. किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी पकडली. कुणाला कळवलं नाही. घराला कुलूपच असणार, ते कुलूप डोळ्यांनी पाहायचं आणि मग मुलाला फोन करायचा, हे वाटेत पक्कं केलं होतं.

कुलूप नव्हतं. विहीणबाई अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या, पण या बसा म्हणाल्या नाहीत. आधी त्यांची नजर माझ्या मनगटांवर गेली. माझ्याही हातात हिरव्याच बांगड्या होत्या.

"तुमी कधी आलात बंगलोरवरून?" त्यांनी विचारलं.

"मी? मी कुठे गेलेय? मला तर वाटलं तुम्ही तिकडे."

"मी नाय गेले. जावई बोलले, जागा लहान हाय." मग त्यांचा आवाज चढला. "हात बघितला मी फोनवर. मी मनात बोलले, जावयाने घेतलीन आईला बोलवून आणि माझ्या पोरीचं माहेर तोडलं."

त्यांना हसू येईना आणि मलाही. आम्ही ओट्यावर बसलो. त्यांनी पाणी दिलं, पण तांब्या ठेवताना अजूनही माझ्याकडे तिरकं पाहत होत्या. मी माझा फोन काढून त्यांच्यासमोर धरला. बघा, रविवारी बोलणं झालं, सून आंघोळीला गेलेली. त्या म्हणाल्या, त्याच वेळी त्यांना जावयाने सांगितलं होतं की ती दवाखान्यात बाळाला टोचायला घेऊन गेलीय. पण बाळ तर तेव्हा मला फोनवर दिसत होतं.

 विहीणबाई हळूच म्हणाल्या, "माझी पोर तुमाला दिसली का हो, बाळ झाल्यापासून?"

"नाही. तुम्हाला?"

"नाय. मेसेज येतात. पण ते कुणीपण लिहील."

इतके दिवस मी त्या हाताकडे बघत होते. सुनेचं तोंड दिसलेलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.  मी तिथूनच मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि विहीणबाईंना जवळ ओढलं. पडद्यावर आम्ही दोघी एकत्र दिसल्यावर मुलाचा चेहरा उतरला.

"आई, मी मीटिंगमध्ये..."

"जावईबापू," विहीणबाई म्हणाल्या, "माझी मुलगी जिती हाय ना?"

तो खुर्चीत मागे रेलला आणि रडायला लागला. माझा मुलगा मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मग एकेक बाहेर आलं. बाळ झाल्यापासून ती झोपत नव्हती, सारखी रडत होती, बाळाला हातात द्यायला गेलं की भिंतीकडे तोंड करत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार आहे, काही बायांना बाळंतपणानंतर होतो, औषधाने बरा होतो. औषध चालू होतं. हिरव्या बांगड्या तिकडच्याच एका बाईच्या, बाळाला बघायला ठेवलेल्या.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली. तिला वाटतं, तुम्ही दोघी याल आणि हिला बाळ सांभाळता येत नाही म्हणून नातीला घेऊन जाल."

म्हणजे तीही आमच्यावर नजर ठेवून होती, भिंतीकडे तोंड करून.

आम्ही दोघी कल्याणवरून गाडीने बंगळुरूला गेलो. मुलाने तिला आधी सांगून ठेवलं होतं. वाटेत आमचं एकच ठरलं, ती स्वतः देईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. सुनेने दार उघडलं तेव्हा ओळखू येईना इतकी वाळलेली. आमच्या पिशव्यांकडे, हातांकडे बघत होती. विहीणबाईंनी तिला खाली बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तांदळाची पेज केली. बाळ आतल्या खोलीत रडलं, तेव्हा माझे हात शिवशिवले. मी पेज ढवळत राहिले.

बरेच दिवस असेच गेले. मग एका दुपारी ती बाळाला घेऊन माझ्यासमोर आली. अवघडून धरलं होतं, मान नीट आधारलेली. काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली, माझ्या हातांवर डोळे रोखून. नात चांगली वजनदार होती. मी तिच्या तळपायाला बोट लावतेय तोवर सून वाकली.

"पुरे," म्हणाली आणि बाळाला उचलून घेतलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण तिने बाळाला कसं छातीशी घट्ट धरलं ते मी पाहिलं, आणि पदराने डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेले. विहीणबाई तिथे आधीच तेच करत उभ्या होत्या.

सून सावरायला पुढे कितीतरी महिने लागले. बारसं मुरबाडला झालं, नात बसायला लागल्यावर. आता ती फोनवर दिसते, तिची आईही दिसते. पण मुलगा "सगळं ठीक आहे" म्हणाला की मी फोन ठेवते आणि लगेच विहीणबाईंना लावते.

"तुम्हाला काय सांगितलं आज?"

"तुमी आधी बोला," त्या म्हणतात.