आधी गावाला सांगा

हसीना पिशोरला एसटीतून उतरली, तेव्हा गावाबाहेरच्या वडाकडून काळा धूर वर चढत होता. ती पळतच सुटली.

वड दगडाबाईच्या बांधावरचा. त्याला शेकडो मोठी वटवाघळं लटकलेली असत. कोरोनानंतर शहरातल्या एका संस्थेनं जनावरा-पाखरांकडून माणसांत येणाऱ्या विषाणूंचा शोध सुरू केला, अन् हसीना पिशोरचीच, प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून तिला कामावर घेतलं. दगडाबाई आधी कुणाला झाडाखाली फिरकू देईना. हसीनानं तिला शब्द दिला, "मावशी, झाडाला, वटवाघळांना कुणी त्रास देणार नाय. खाली प्लास्टिक अंथरून त्यांची लघवी अन् लेंड्या तेवढ्या नेऊ. उद्या एखादी साथ यायची असंल तर आधी कळावं म्हणून." त्या शब्दावर दोन वर्षं काम चाललं.

मग एका नमुन्यात अनोळखी विषाणू सापडला. तो माणसाला बाधतो का, हे कुणालाच माहीत नव्हतं; तपासणी अर्ध्यावर होती. पण प्रकल्पाचे प्रमुख बद्रीनाथ सर एका वार्ताहराजवळ बोलून बसले. सकाळी पेपरात ठळक मथळा आला, पिशोरच्या वटवाघळांत नवा विषाणू. गाव हबकलं.

हसीना पोचली तर झाडाखाली टायर जळत होते. फांद्यांत फटाके फुटत होते. पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या गुदमरून खाली पडत होत्या, अन् कारभारी नावाचा शेजारचा शेतकरी त्या उघड्या हातानं उचलून पोत्यात भरत होता.

"कारभारीभाऊ, हात लावू नका त्यांना."

"तूच तर आणलं हे गावावर," तो म्हणाला. तेवढ्यात एक मादी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली.

हसीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी तिनं त्याला हातपंपावर नेलं, साबणानं जखम धुतली, गावातल्या एका जीपमध्ये बसवून कन्नडच्या दवाखान्यात रेबीजची सुई टोचून घ्यायला नेलं. वाटेत तिच्यानं राहवेना. "आम्ही हातमोजे, मास्क घालून दुरून काम केलं. अन् तुम्ही ती पोत्यात भरता?"

"आम्हाला कुणी सांगितलं व्हतं?" कारभारी म्हणाला.

परतल्यावर दगडाबाई भेटली, तर तिनं तोंड फिरवलं. "तुझ्या शब्दावर मी झाड दिलं व्हतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हसीना सरांच्या खोलीत उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, कळप उधळला. आता तो कुठं गेला, त्याच्यात काय आहे, कधीच कळणार नाही. गावात या अन् लोकांना खरं काय ते सांगा."

"भावनेच्या भरात बोलू नकोस, हसीना. बातमी आली की कामाचं महत्त्व कळतं लोकांना."

"महत्त्व नाय कळलं. भीती कळली. एका माणसाला चावा बसलाय, सर."

"आपण पुढच्या आठवड्यात सोयगावचं वटवाघळांचं झाड घेऊ," सर कागद आवरत म्हणाले.

ती सोयगावकडं गेली खरी, पण संस्थेच्या पथकाच्या आधी. चावडीसमोर लोक जमवून तिनं पिशोरचं सगळं सांगितलं, आपल्या मोडलेल्या शब्दासकट. हेही सांगितलं, की हा शोध गरजेचाच आहे, तो थांबवू नका; फक्त आंधळेपणानं होऊ देऊ नका.

पथकाची गाडी आली तेव्हा वाटेत माणसं उभी होती. सरूबाई नावाची पंचायतीतली बाई पुढं झाली. "झाड देतो. पण जे सापडंल ते आधी इथं येऊन सांगायचं, मग पेपरला. अन् आमच्या माणसाला काय झालं तर दवाखान्याचा खर्च तुमच्याकडं."

सरांना मान हलवावी लागली. हसीनाच्या नोकरीची मुदत मात्र त्यांनी वाढवली नाही.

कारभारीला काही झालं नाही. सोयगावात निकाल आधी चावडीवर वाचले जातात. हसीना कन्नडला जनावरांच्या दवाखान्यात लागली आहे. सोयगावचं काम बरं चाललंय, असं लोक म्हणतात तेव्हा ती हसत नाही. "एका गावाला शिकवायला दुसऱ्या गावाच्या वडाखाली टायर जळावे लागले," म्हणते, अन् कामाला लागते.