रुमालावरचा आळ

गल्लीत त्याला सगळे थंडोबा म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. कामात ढिला होता म्हणून नव्हे, यंत्रं थंड ठेवण्याचा ध्यास होता म्हणून. टीव्ही आणा, कॉम्प्युटर आणा, ॲम्प्लिफायर आणा, दुरुस्तीच्या टेबलावर वस्तू ठेवली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "याला श्वास घ्यायला जागा ठेवली होती का?" भिंतीला चिकटवलेला डबा, जाळीत साठलेली धूळ, वर टाकलेली चादर यावरून तो गिऱ्हाइकाला असं फैलावर घ्यायचा, की वस्तू बिघडल्याचं दुःख बाजूला राहून माणूस चोरासारखा उभा राही.

आणि अशा माणसाच्या आईला छंद कसला, तर क्रोशाचे रुमाल विणून दिसेल त्या यंत्रावर घालायचे! तो काढायचा, ती घालायची.

"उघडंबोडकं बरं दिसतं का रे ते?"

"आई, ते यंत्र आहे, नवरी नाही."

"तुझ्या नवरीला तरी कुठे आवडतात माझे रुमाल!" असं म्हणून ती सुनेकडे बघायची आणि तिघंही हसायची.

आई बायकांच्या गाण्याच्या मंडळात जायची. गळा बेताचाच, पण तिची शाळेपासूनची मैत्रीण मंडळाची मुख्य गायिका. थंडोबा तिला मावशी म्हणायचा. मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर त्यानेच दुरुस्त करून दिला आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी आईने त्यावर नवाकोरा रुमाल घातला. खास मावशीसाठी विणलेला.

मावशींचं गाणं ऐन रंगात आलं असताना आवाज गचकन गेला. जळका वास सुटला. मावशी ओळ अर्धी सोडून उभ्या राहिल्या. थंडोबा धावत मंचावर गेला आणि आधी त्याची जीभ चालली. रुमाल चिमटीत धरून त्याने भरल्या सभागृहाला दाखवला.

"हा बघा खुनी! आईसाहेबांनी बिचाऱ्याला गुदमरवून मारलं!"

लोक खो खो हसले. आईही हसल्यासारखं करून पुढे आली आणि त्याच्या हातून रुमाल घेऊन घडी घालू लागली. घडी काही नीट बसेना.

मग त्याने सवयीने ॲम्प्लिफायरच्या पाठीला हात लावला. तिथे ॲल्युमिनियमची पाती असतात. आतले ट्रान्झिस्टर तापले की ती उष्णता पात्यांत उतरते आणि हवेत निघून जाते. रुमालाने कोंडमारा झाला असता, तर त्या पात्यांनी हाताला चटका दिला असता. ती जेमतेम कोमट होती. म्हणजे आतली उष्णता पात्यांपर्यंत नीट पोचलीच नव्हती. ट्रान्झिस्टरची उष्णता पात्यांत उतरवणारी जुनी वाळकी पेस्ट दुरुस्तीच्या वेळी त्यानेच खरवडून काढली होती. नवी लावणार, तेवढ्यात फोन वाजला होता, आणि बोलता बोलता त्याने ट्रान्झिस्टर तसाच कोरडा स्क्रूने आवळून टाकला होता.

एवढंच सांगायचं होतं. पण सगळी गल्ली समोर बसलेली, निम्मी त्याचीच गिऱ्हाइकं. तो ॲम्प्लिफायर काखोटीला मारून बाहेर पडला.

आईने मंडळात जाणं सोडलं. मावशींचा फोन आला की म्हणायची, "सांग, झोपलीये." तो तसंच सांगायचा. फोन ठेवताना मनात म्हणायचा, आज जेवताना बोलूच. जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलणं व्हायचं. हळूहळू घरातले रुमालही नाहीसे झाले. पुढे मावशी मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. निघताना भेटायला आल्या, तेव्हा आई मागच्या दाराने शेजारी जाऊन बसली होती.

मग एका दुपारी मावशींच्या मुलीचा फोन आला. मावशी गेल्या.

आई पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "तिचं गाणं माझ्यामुळे अर्धं राहिलं. तिने मनात धरलं असेल का रे?"

तेव्हा त्याने सांगितलं. पाती, पेस्ट, फोन, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं, आई ओरडेल, निदान रडेल तरी.

आई म्हणाली, "तिच्या मुलीला फोन लाव. तिलाही सांग."

त्याने लावला. पलीकडून मुलगी म्हणाली, "रुमालाचं आई कधी बोललीच नाही, दादा. ती म्हणायची, त्या दिवशी लोक हसले तेव्हा मी चटकन मैत्रिणीजवळ जायला हवं होतं. नाही गेले, म्हणून ती रुसलीये. फोनसुद्धा घेत नाही."

त्याने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

काहीतरी बरं बोलून वेळ मारून नेता आली असती. ओठावर आलंही होतं. तो आईसमोर जमिनीवर बसला आणि ऐकलं तसं सगळं, शब्दही न गाळता, सांगितलं.

आईने ऐकून घेतलं. "म्हणजे ती वाट बघत होती," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.