खोक्यांच्या माळ्यावरचा ड्रॉप

मिक्सरवर टप्पकन काहीतरी पडलं. उचललं तर नट. अंगठ्याएवढा, गंजका, आतले आटे झिजलेले. आमच्या सामानात इतका जाड नट कुठेच नसतो. मी वर पाहिलं. डोक्यावर लोखंडी माळा होता, आणि माळ्यावर शंभरेक पोरंपोरी एका ठेक्यात उड्या मारत होती.

मी साऊंड इंजिनिअर. म्हणजे कार्यक्रमात स्पीकर कुठे, किती, आणि त्यातून काय आवाज येणार हे ठरवणारा माणूस. मिक्सर म्हणजे ज्याच्यावर सगळे आवाज एकत्र येतात ते बटणांचं टेबल. आमची मखमलाबादला फुलशेती. घराण्यात पहिला ग्रॅज्युएट मी, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा बी.ई. दादा, म्हणजे वडील, तरी शेवटपर्यंत म्हणायचे, "इंजिनिअर झाला आन् माईक लावतो." मला त्याचं वाईट वाटलं नाही. माईक नीट लावायलाही अक्कल लागते.

हे दोन हजार सालानंतरचं. दिंडोरी रोडला द्राक्षांचं एक पॅकहाऊस होतं. तिथे द्राक्षं निवडून, वजन करून खोक्यात भरतात आणि परदेशी पाठवतात. सीझन संपला की शेड मोकळं. मालकाचा मुलगा कुणाल पुण्याला शिकून आलेला, त्याला हाऊस म्युझिकचा नाद. त्यानं रविवारी दुपारची पार्टी ठेवली. पोस्टरवर छापलं, 'पॅकहाऊसमध्ये हाऊस'. मी घरी म्हटलं, हाऊसच्या प्रोग्रामचं काम मिळालंय. दादा म्हणाले, "वास्तुशांत कोणाची हाय?"

तर हाऊस म्हणजे मशिनवर तयार केलेलं नाचाचं संगीत. ड्रम चारही मात्रांवर सारखा पडतो. धप, धप, धप, धप. यात दोन पंथ. जुन्या हाऊसवाल्यांना त्या ठोक्यावर पियानो हवा, मनापासून गाणारी बाई हवी. ते पाय घासत, घसरत नाचतात. नव्यांना गाणं नकोच. त्यांना ड्रॉप हवा. डीजे आधी ड्रम काढून घेतो, एक आवाज शिट्टीसारखा वर वर चढवत नेतो, मग क्षणभर सगळं गप्प. आणि एकदम बेस कोसळतो. बेस म्हणजे छातीत बसतो तो जाड आवाज. त्या क्षणाला सगळे मिळून उडी मारतात.

कुणालनं दोघांनाही बोलावलं. जुन्यांसाठी देवळालीचा फिरोजभाई, चाळिशीचा, खोकी भरून तबकड्या घेऊन आलेला. नव्यांसाठी नील, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, पाठीला लॅपटॉप. दोघांनी आलटून पालटून वाजवायचं. जुन्यांनी स्टेजसमोरची गुळगुळीत फरशी धरली. नव्यांनी माळा धरला.

त्या माळ्याबद्दल मी सकाळीच बोललो होतो. इंजिनिअरिंगला असताना दोन सीझन मी असल्याच एका पॅकहाऊसमध्ये काम केलंय. माळा असतो पुठ्ठ्याची रिकामी खोकी ठेवायला. आमचा सुपरवायझर चौघांच्या वर कोणाला चढू द्यायचा नाही. कुणाल म्हणाला, "अरे, सोफे टाकलेत. बसतील फक्त."

बसतील! दोन तास वरून खाली, खालून वर शेरेबाजी चालली होती.

"ओ काका, भजनी मंडळ आवरा आता!" वरचा एकजण ओरडला.

"तुमचं काय ते मिक्सर-ग्राइंडर! चटणी झाली का रे वाटून?" खालून एक टकलू गृहस्थ.

मीही हसलो होतो. नट पडला तेव्हा हसू गेलं.

मिक्सरशेजारच्या खांबाला हात लावून पाहिला. खांब नीट होता. त्याच्यावरची आडवी तुळई नीट नव्हती. ती खालीवर होत होती, डोळ्यांना दिसेल इतकी. सांध्यातून गंजाची पूड गळत होती. झोक्याला योग्य वेळी नुसतं बोट लावत राहिलं तरी झोका चढतो. तसंच हे. हाऊसचा वेग सेकंदाला साधारण दोन ठोके, आणि त्या माळ्याला नेमका तोच वेग मानवला होता. त्याच्या खाली मी होतो, वडापावचा स्टॉल होता, तिथल्या दोन मावश्या होत्या, आणि रांगेतली पंधरावीस माणसं.

कुणाल स्टॉलपाशीच होता. मी नट त्याच्या हातात दिला.

"वरची माणसं खाली घे. आत्ता."

त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अनाउन्स करतो."

"काय अनाउन्स करणार? माळा पडतोय म्हणून?"

त्यानं जिन्याकडे पाहिलं. वर जायला एकच लोखंडी जिना, एका माणसाच्या रुंदीचा. शंभर माणसं घाबरून त्याच्यावर धावली असती तर माळा पडायची गरजच उरली नसती.

तेवढ्यात नीलनं ड्रम काढला. शिट्टी चढायला लागली. वर सगळ्यांचे हात उंच. म्हणजे ड्रॉप येणार.

मी पळत मिक्सरवर आलो आणि बेसचं बटण पूर्ण खाली ओढलं. विचार साधा होता. बेस नाही तर उडी नाही. ड्रॉप आला तो पत्र्याच्या डब्यासारखा किरकिरला. वरचे गोंधळून थांबले. 

मग वरच्या एकानं पाय आपटला. "बेस! बेस!" दुसऱ्यानं आपटला. बघता बघता शंभर जण पाय आपटत होते. "बेस! बेस! बेस!" मी आवाज काढून घेतला होता, तो त्यांनी पायांनी द्यायला सुरुवात केली. आधी उडी मारताना कोणी पुढे, कोणी मागे व्हायचं. आता एकही पाय चुकत नव्हता. माळ्यानं आवाज केला. लोखंड कण्हल्यासारखा. एवढ्या गोंगाटात तो फक्त मला ऐकू आला असेल.  पाय म्हणत होते बाहेर पळ. मी बेस परत दिला, कारण आपटण्यापेक्षा उड्या बऱ्या.

माझा इलेक्ट्रिशियन गंगाधर, पेठकडचा, बाजूलाच होता. त्याला सांगितलं, स्टॉल रिकामा कर, काहीही करून. त्यानं केबल हातात धरली आणि मावश्यांना म्हणाला, "बाजूला व्हा, इथं करंट उतरलाय." माळ्याखालची जागा अर्ध्या मिनिटात मोकळी. विजेला सगळे मानतात.

मी स्टेजवर गेलो. "फिरोजभाई, तुमची सगळ्यात गोड, सगळ्यात संथ तबकडी लावा."

"मेरा टर्न नहीं है." फिरोजभाई मान हलवत म्हणाला. "दुसऱ्याच्या सेटमध्ये हात घालायचा नाही. आमच्यात ते पाप आहे."

"वर पाहा."

त्यानं पाहिलं. माळ्याची कड लाटेसारखी हलत होती.  खोक्यातून एक तबकडी काढून त्यानं लावली. मी मिक्सरवर परतलो. त्याचा आवाज हळूहळू वर, नीलचा हळूहळू खाली. एकदम तोडलं असतं तर पुन्हा पाय आपटले असते.

पियानो आला. मग एक बाई, आळवून गाणारी. खालच्यांनी टाळ्या पिटल्या. टकलू गृहस्थांनी डोळेच मिटले. नील हेडफोन आपटून माझ्याकडे पाहून ओरडत होता, काय ते ऐकू आलं नाही. मी फक्त वर पाहत होतो.

"सुरू झालं भजन!"

"चल रे, प्रसाद वाटेपर्यंत बाहेर उभं राहू."

"सिगरेट आहे का?"

आणि ते उतरायला लागले. एकेक करून, रमतगमत, तोंड वाकडं करत, जिन्यावर थांबून खालच्यांना टोमणे मारत. कोणाला घाई नव्हती. मी प्रत्येक डोकं उतरताना पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून नावं ठेवा, बाबांनो, पण उतरा. शेवटी कोपऱ्यातल्या सोफ्यावर एक जोडपं उरलं. त्यांना पियानो आवडला होता! गंगाधर वर जाऊन म्हणाला, "वर करंट उतरलाय." तेही आले. आम्ही स्पीकरची दोन मोठी खोकी जिन्याला आडवी लावली.

दुसऱ्या दिवशी लोखंडी कामं करणारा फॅब्रिकेटर आला. एका तुळईचं वेल्डिंग अर्ध्याहून जास्त सुटलं होतं. तो माळ्यावर पाऊल ठेवायलाही तयार झाला नाही. खालूनच त्यानं माळा कापून काढला.

माळा पडला नाही, म्हणून काही घडलंच नाही. नव्या हाऊसवाल्यांनी इंटरनेटवर लिहिलं की साऊंडवाला जुन्यांना फितूर होता, ड्रॉपचा बेस त्यानं मुद्दाम कापला. जुन्यांनी लिहिलं की अखेर चांगलं संगीत जिंकलं. नील माझ्याशी पुन्हा बोलला नाही. कुणालनं पुढची पार्टी दुसऱ्या साऊंडवाल्याला दिली. मला पाहिलं की त्याला तो जिना आठवत असावा. फिरोजभाई मात्र बरेच दिवस अस्वस्थ होता. म्हणायचा, जीव वाचले ते ठीक, पण नीलचं गाणं मी मधेच मारलं.

मला स्वतःला दोन्ही हाऊस आवडत नाहीत. पण काम घेताना आता मी लाईट किती, स्टेज किती याच्या आधी एक प्रश्न विचारतो. नाचणारे घसरणारे आहेत की उडणारे? लोक हसतात. हसू देत. उडणारे असतील तर मी जमिनीवरच काम घेतो.