सिस्टरच्या मागे कोण आहे?

विमा कंपनीत माझं काम क्लेम तपासण्याचं होतं. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, खरे-खोटे अपघात. समोरचा माणूस बोलायला लागला की तो काय लपवतोय ते मी आधी शोधायचो. रिटायर होऊन भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आलो तरी ती खोड गेली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहायच्या. माहेर मराठवाड्यातलं, नोकरी बरीच वर्षं सुदानमधल्या एका इस्पितळात. तिथे लढाई पेटल्यावर भारत सरकारने आपली माणसं परत आणली, त्यांत त्या आल्या. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपला तेव्हा सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सुदानमध्ये, दारफूर भागात जमात विचारून माणसं मारतायत. गावंच्या गावं रिकामी केली. माझ्याबरोबर काम करणारी नर्स तिकडची आहे. आपण खासदारांना भेटून संसदेत प्रश्न विचारायला लावू या. कोण येणार?"

मग सेक्रेटरी म्हणाले, "सिस्टर, ये अपना सोसायटी का मॅटर नहीं है."

त्या संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं. इथले प्रश्न संपले का? हिला कोण बोलायला लावतंय? मी काही लिहिलं नाही, पण मलाही तेच वाटत होतं. बोलताना सिस्टर रडल्या नव्हत्या. रडणाऱ्या माणसाचा मला संशय यायचा, आणि न रडणाऱ्याचा जरा जास्तच.

मी लक्ष ठेवायला लागलो. दोन अनोळखी माणसं त्यांच्याकडे दोनदा येऊन गेली. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "पेणकरपाडा से आते हैं, बुद्ध विहारवाले." तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. रविवारी सिस्टर विहारात बोलणार असल्याचं कळलं, तसा मीही रिक्षा करून गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो.

त्यांनी लॅपटॉपवर एक व्हिडिओ दाखवला. जळणारा बाजार, पळणारी माणसं. लोक हळहळले. मी सवयीने माणसांच्या मागची भिंत बघत होतो. उठून म्हणालो, "सिस्टर, मागे दुकानाची पाटी फ्रेंचमध्ये आहे. सुदानमध्ये पाट्या फ्रेंचमध्ये असतात का?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर, "तुम्हाला कुणी पाठवलं?" असं सरळ विचारलं.

सिस्टरनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. "नसतात," त्या म्हणाल्या. "अरबीत असतात, कधी इंग्रजीत. हा तिकडचा नाही. कुणीतरी पाठवला आणि मी न बघताच लावला. माझं चुकलं." त्यांनी तो तिथेच, सगळ्यांसमोर काढून टाकला.

इतक्या वर्षांत माझ्यापुढे इतक्या लवकर चूक मान्य केलेला क्लेमवाला मी पाहिला नव्हता. तरी मनात आलं, हीसुद्धा एक तऱ्हा असेल.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या दारात. हातात मोबाईल.

"काका, संशय घ्यायचाच ना तुम्हाला? मग नीट घ्या. हे सगळं तपासून द्या. टिकेल तेवढंच मी बोलेन. उद्या कुणी एक गोष्ट खोटी पाडली, तर खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

मी बसलो तपासायला. फोटो कुठून आला, आधी कुठे छापला होता का, सावल्या आणि सांगितलेली वेळ जुळते का. बरंच काही गळालं. उरले त्यांच्या मैत्रिणीचे, दारफूरच्या त्या नर्सचे, आवाजी निरोप. ती इंग्रजीत बोलायची, थांबत थांबत. भाऊ कसा गेला हे तिने वेगवेगळ्या निरोपांत सांगितलं होतं आणि दर वेळी काहीतरी मागेपुढे व्हायचं. पाठ केलेली गोष्ट शब्दाला शब्द तीच येते, हे मला माहीत होतं. ते निरोप मी दोन दिवस ऐकले. नंतर जेवण जाईना. बायको म्हणाली, "नसती पीडा कशाला ओढवून घेता?"

शेवटचा निरोप सीमेपलीकडच्या, निर्वासितांच्या छावणीतून आला होता. ती जिवंत होती.

आम्ही खासदारांच्या कार्यालयात गेलो. सिस्टर, मी आणि विहारातली काही मंडळी. तिथल्या सहायकाने आधी विचारलं, "कुठल्या पक्षाकडून?"

"मतदार आहोत," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी मागणं सांगितलं. संसदेत प्रश्न विचारा. मारणाऱ्यांना शस्त्रं पोचू नयेत, म्हणून भारताने जगासमोर बोलावं. छावण्यांत औषधं आणि धान्य जावं. त्याने लिहून घेतलं, पण बोलता बोलता आमच्या चेहऱ्यांकडे बघत होता. ते बघणं मी ओळखलं. मीही क्लेमवाल्यांकडे तसंच बघायचो.

सोसायटीत आता माझ्याबद्दलही कुजबुज सुरू झाली. जिन्यात मी आलो की बोलणं थांबायचं. "काकांनाही काहीतरी मिळत असणार," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. आपले निवेदन परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवण्यात आले आहे. एवढंच. मी म्हणालो, "सिस्टर, यात काही नाही. टोलवलंय आपल्याला."

"असेल. पण आता मंत्रालयाने काय केलं, हे विचारायला जाता येईल. लोक एकदा येतात आणि घरी बसतात, हे त्यांना माहीत असतं. आपण परत जायचं. आणि जास्त माणसं घेऊन."

परत जायच्या दिवशी गेटवर सेक्रेटरींची बायको साडीचा पदर सावरत उभी. गुजराती बाई, माझ्याशी कधी फारसं बोलली नव्हती. नवऱ्याला सांगून आली होती की न सांगता, ते मी विचारलं नाही. रिक्षात माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अंकल, ये सब सच है ना?"

"जितना हम बोल रहे हैं, उतना सच है," मी म्हणालो. "बाकी हमने निकाल दिया."

तिने मान हलवली, पण भाईंदर स्टेशन येईपर्यंत मधूनमधून माझ्याकडे बघत राहिली. तिची पूर्ण खात्री पटली नव्हती. तरी ती उतरली आणि आमच्याबरोबर चालायला लागली.